मंद बैल पुढं

चालायची मशीन घरात आली त्या दिवशी मी तिच्यावर चढलो आणि वेग थेट चारवर ठेवला. मला हळू काही जमत नाही. गरम चहासुद्धा मी जीभ भाजून घेऊनच पितो. मशीनवर उंच टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपात पुण्याच्या एका कंपनीचे ग्राहक. कुणाचा मिक्सर बंद पडलेला, कुणाचा पंखा आवाज करतोय. त्यांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देणं हे माझं काम. दिग्रसच्या घरात बसून करतो. बसून करतो, तिथंच सगळा घोळ झाला होता.

दहा-दहा तास बसून माझी साखर तीनशेच्या वर गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले, तळव्यांना बारीक दोऱ्यासारखं काहीतरी टोचलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, "कळतंय?" दहापैकी तीन ठिकाणी मला काहीच कळलं नव्हतं. ते म्हणाले, काम करता करता चाला, तीन महिन्यांत साखर खाली आणा, पाय जपा.

पाय जपा म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा बा, शंकरसिंग, याचा डावा पाय दोन वर्षांपूर्वी गुडघ्याखालून काढावा लागला. त्यालाही साखर. बाभळीचा काटा तळव्यात अकरा दिवस रुतून होता आणि त्याला पत्ताच नव्हता. अर्धं आयुष्य बैलांमागे चालण्यात घालवलेला हा माणूस आता माझ्या खोलीतल्या खाटेवर बसून माझी मशीन बघतो. त्याच्या पायाकडे मला बघवत नाही. तिथं मला माझा पाय दिसतो, आणि मी घाबरतो.

तर, वेग. चारवर बोटं आणि पाय यांची गाठच पडेना. कूलरवाल्याला मिक्सरचं उत्तर गेलं आणि मिक्सरवाल्या बाईंना, पाण्याची टाकी भरून बघा म्हणून. अडीचवर आणलं तर मान हलून अक्षरं नाचायला लागली. एकवर आणलं तर वरातीमागे अडकलेल्या जीपसारखं इंच-इंच सरकायचं, डोकं फिरायची पाळी. पुन्हा तीन. पुन्हा दोन. दिवसातून पन्नास वेळा बटण दाबायचो. महिनाभरात चुका इतक्या वाढल्या की वरच्या मॅडमनी फोन करून विचारलं, "संजय, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी चिडून मशीन बंद केली आणि दोन दिवस खुर्चीत बसलो. तिथंही चैन नाही. बसलो की तळवे आठवायचे, चढलो की कामाची वाट लागायची. माझी आई बसंतीबाई, आम्ही तिला याडी म्हणतो, चहा ठेवून जाताना म्हणायची, "एका जागी ठरत जाय नं जरा." मी तिच्यावरही खेकसलो.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चढलो, पुन्हा बटणाशी झटापट सुरू झाली, तेव्हा बा बोलला. आम्ही बंजारा, घरी आमची गोरबोली बोलतो, पण ती सगळ्यांना कळणार नाही म्हणून वऱ्हाडीत लिहितो.

"घडीघडी तिले कायले दाबून राह्यला?"

"चाल सापडत नाही."

"कोनाची?"

"माही. अजून कोनाची?"

बा हसला. "आमी ढाणकीच्या बाजारात बैल नेत होतो. आठ-दहा जनावरं, तीन-चार मुक्काम. सगळ्यात मंद बैल पुढं लावत होतो. तेज बैल पुढं लावला का मांगचे धापा टाकते, तोंडाले फेस येते. मंग बाजारात गिऱ्हाईक ढुंकून पाह्यत नाही. मंद पुढं असला का समदे त्याच्या मांगं येते. तेज बैल चिडते, शिंगं हलवते. चिडू द्या लागते त्याले."

"अन् माह्यात मंद कोन हाय?"

"तुह्ये बोटं. पाय तं लहानपणापासूनच तेज हाये. बोटाइले पुढं लाव, पाय मांगून येईन."

मला राग आला, कारण म्हणणं बरोबर होतं. महिनाभर मी पायांची चाल ठरवायचो आणि बोटांना तिच्यामागे फरफटत न्यायचो.

मग मशीन बंद ठेवून नुसतं उभ्यानं लिहिलं. बोटं त्यांच्या लयीत आल्यावर वेग एकवर घेतला आणि थोडा-थोडा वाढवत गेलो. जिथं पहिली चूक झाली, तिथून जरा खाली आलो. आकडा दीडच्या थोडा पुढं थांबला. पाय भयंकर चिडले. पोटऱ्यांत वळवळ, मांड्यांत वळवळ, पळावं असं सारखं वाटायचं. मी बटणाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी दुपारी मान वर केली तर सव्वा तास होऊन गेला होता आणि पंचवीस तक्रारींत एकही चूक नव्हती.

"बा, जमलं," मी म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता.

"पाह्यलं म्या. आता इकडं ये अन् पाय दाखव."

"कायले?"

"मुक्कामाले पोचलो का आमी आधी खुरं पाह्यत होतो."

बापानं पोराच्या पायाला हात लावावा, हे मला कसंतरीच वाटलं. नको म्हणालो. "बैलाले इचारत नव्हतो म्या," असं म्हणत त्यानं माझा पाय मांडीवर ओढला आणि टाचेपासून अंगठा दाबत आणला. बोटांच्या मुळाशी त्याचा अंगठा थांबला.

मी वाकून बघितलं. रुपयाएवढा फोड फुटला होता आणि खालचं मांस लाल दिसत होतं. मशीनच्या पट्ट्यावरही ओला डाग होता. मशीन आली तेव्हा याडीनं तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. पूजा झालेल्या वस्तूवर पायताण घालून चढायचं आमच्या घरात कुणाच्या मनातही येत नाही. मी महिनाभर अनवाणी चालत होतो.

बानं फोडाच्या कडेला दाबलं. "कळते?"

"नाही."

त्यानं आणखी जोरात दाबलं. "आता?"

त्याचं तोंड बघून माझा धीर सुटला. "हो," मी म्हणालो. "आता कळलं जरासं."

बानं मान वर केली नाही. "म्याही डाक्टरले असंच सांगतलं होतं," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही कळत, बा. काहीच कळत नाही."

"हां. चाल मंग आताच दवाखान्यात. लहान हाय, भरून येईन."

याडी दारात उभी राहून ऐकत होती. ती बाहेर गेली आणि ओसरीवरचे माझे बूट ओल्या फडक्यानं पुसून आत घेऊन आली. आजवर उंबऱ्याच्या आत पायताण आलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं ते मशीनच्या पट्ट्यावर ठेवले.

"जखम भरली का हे घालूनच चढ," ती म्हणाली. "देवीले मी सांगीन."

बानं अजून माझा पाय सोडला नव्हता.