पंधरावं माणूस

केतकीने आईच्या डोळ्यांवर थ्रीडीचा काळा चष्मा चढवला आणि प्रयोगशाळेतले दिवे मालवले.

"दहा-दहा सेकंदांचे तुकडे येतील. प्रत्येकाला एक ते पाचमधला नंबर द्यायचा. छान दिसलं तर पाच, अगदी वाईट दिसलं तर एक."

"हौ," आई, सरोज, म्हणाली. बरकतपुऱ्याहून ऑटोने धावतपळत आल्यामुळे तिला अजून धाप लागली होती.

तीन वाजून गेले होते. पाचच्या आत तिचे गाईड अरविंद सर यांची सही झाली नाही, तर केतकीच्या पीएचडीची वाढवून मिळालेली मुदतही संपणार होती. सात वर्षं पाण्यात. सरांची अट एकच, निदान पंधरा माणसांनी बघून दिलेले गुण हवेत. चौदा होते. पंधराव्या वरुणने सकाळी पेंगत सगळ्याला तीनच दिले, तो बाद झाला. इमारतीतल्या बाकीच्यांनी हे तुकडे आधीच पाहिलेले, त्यांचे गुण चालणार नव्हते. दुपारभर तिने अकरा जणांना फोन केले. शेवटी घरी लावला आणि बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

प्रत्येकाची नजर आधी तपासायची, असा नियम होता. आईची काय तपासायची, म्हणून तिने ते सोडून दिलं.

थ्रीडी व्हिडिओत दोन चित्रं असतात, एकेका डोळ्यासाठी एकेक. दोन्ही पाठवायची तर डेटा दुप्पट. केतकी एकच चित्र चांगलं ठेवायची, कधी डाव्या डोळ्याचं तर कधी उजव्या, आणि दुसरं दाबून दाबून लहान करायची. एका डोळ्याचं चांगलं चित्र दुसऱ्याचं उणं झाकून घेतं, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही, असं तिचं गणित सांगत होतं. चौदाही जणांनी चार-पाच गुण देऊन ते खरं ठरवलं होतं.

"पाच," सरोज म्हणाली. मग, "एक." मग पुन्हा, "पाच." "एक."

फाइल बिघडली असावी. केतकीने ती पुन्हा उघडून पाहिली, तारा काढून परत लावल्या. सगळं ठीक होतं. मग तिने गुणांचा तक्ता समोर घेतला. उजव्या डोळ्याचं चित्र खराब असलं की आईचे पाच. डाव्याचं खराब असलं की एक. एकदाही चूक नाही.

तिने दिवा लावला, आईचा चष्मा काढला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता काय दिसतं?"

"कुणीतरी पुढं आहे, एवढं कळतं."

"कधीपासून?"

"लहानपणापासूनच. तुझे बाबा बघायला आले तेव्हा आमच्या आबांनी बजावलं होतं, विचारलं तरच सांग. कुणी विचारलंच नाही."

"बाबांना अजून माहीत नाही?"

सरोजने नकारार्थी मान हलवली.

"मग आलीस कशाला, आई?"

"तू रडत होतीस. बघून नुसते नंबर द्यायचेत म्हणालीस."

केतकीने खुर्चीत बसून घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"एवढं परेशान नको होऊ," सरोज म्हणाली. "धर माझं. कुणाला कळणार आहे? लग्नाच्या चौतीस वर्षांत कुणाला कळलं का?"

केतकीने स्क्रीनकडे पाहिलं. पंधरावी ओळ. तिने पहिल्या एकच्या जागी चार लिहिला. दुसऱ्याच्या जागी चार. तिसऱ्याच्या.

सरोज तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"तिथं मी एक दिला होता ना?"

"हं."

"मग चार कसा?"

केतकीने कर्सर पुढच्या एकवर नेला.

"खरंच वाईट दिसत होतं गं," सरोज हळूच म्हणाली. "माणसांची तोंडं पुसून टाकल्यासारखी."

फोन वाजला. अरविंद सर होते.

"झाले का पंधरा?"

केतकीची बोटं अजून कीबोर्डवरच होती. तिने पहिला चार खोडला. मग दुसरा, मग तिसरा.

"चौदाच, सर."



"मग आज सही होणार नाही, केतकी. तुला माहीत आहे."

"हो सर."

केतकीने फोन ठेवला.

मग ती उठली. आपली खुर्ची उचलून तिने आईच्या डाव्या, दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूला नेली आणि वही मांडीवर उघडली.

"सांग," ती म्हणाली. "तोंडं कशी दिसत होती?"