देवला शिपायाचा माग

माझ्या बापाला, धरमसिंगला, त्याच्या आज्याचं भारी कौतुक. आजा देवला निजामाच्या बिनकवायती फौजेत शिपाई होता, एवढंच त्याला माहीत. पण सांगायचा असं, जणू निजाम ह्याच्याच आज्याला विचारून लढाईला निघायचा. आम्ही मानोऱ्याजवळच्या तांड्यातले पवार. माझं लग्न रामधन राठोडशी ठरलं, गूळ वाटून झाला, आणि बापाच्या डोक्यात आलं, मांडवात ढाडीनं देवलाचं नाव गावं. ढाडी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवणारा गवई. आमच्या ढाडीला तर देवलाच्या बापाचंही नाव ठाऊक नव्हतं.

"मंग मीच शोधून आणतो," बाप म्हणाला.

"कायले, बा? लग्न तसंबी होते," मी म्हटलं. रामधन मला आवडला होता, त्यात लाजायचं काय?

ऐकेल तो बाप कसला! जऊळक्याला रेल्वे नवीनच आली होती, तिच्यात बसून हिंगोलीला गेला. तिथं निजामाच्या जुन्या छावणीपाशी सैफुद्दीन नावाचा म्हातारा भेटला. त्याचा बाप देवलाबरोबर फौजेत होता. देवलाचा तांडा आसेगावकडचा, कूच करताना तो तापानं मेला, आणि त्याची बायको लेकराला बैलावर बसवून मानोऱ्याकडे भावांपाशी गेली, असं त्यानं सांगितलं. बाप तसाच आसेगावला गेला. तिथल्या लखीराम ढाडीला देवलाचं नाव येत होतं. बाप इतका हरखला की पुढचं काही न विचारता त्याला थेट मांडवात घेऊन आला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

लखीराम गायला लागला. देवलाचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप. सगळे राठोड.

देवलाचं लेकरू मामांकडे वाढलं आणि मामांचं पवार नाव त्याला चिकटलं, हे सगळ्यांना कळून चुकलं. राठोडाची लेक राठोडाच्या घरी देत नाहीत. ती भाऊ-बहीण.

बापानं तांड्याच्या नायकाचे पाय धरले. "नायक, काहीतरी रस्ता काढा."

"काय काढू, धरमसिंग? मालूम नव्हतं तोवर ठीक होतं. आता समद्यायनं आयकलं."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडू कुणावर? रामधनची आई गोमतीबाई रडतच उठली. "बहिणीले रित्या हातानं उठू देऊ नाही," ती लेकाला म्हणाली. नवरीसाठी आणलेली आरशांची चोळी रामधननं माझ्यापुढं धरली. मान वर केली नाही.

माझा हात पुढं होईना. शेवटी बापानंच माझं मनगट धरलं.

"घे, माय," तो म्हणाला. "भाऊ देऊन राह्यला."