क्रुशेव्होची टोचरी घोंगडी

मी मॅसेडोनियाच्या डोंगरातल्या क्रुशेव्हो गावची, झोइत्साच्या माहेरची लाल घोंगडी बोलतेय. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नाही, म्हणून माझ्याही नाही. सोमवारी तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, मारुशाला, शाळेत घरातली एक जुनी वस्तू न्यायची होती आणि ‘आम्ही कोण’ ते सांगायचं होतं.

माझा जन्म झोइत्साच्या पणजीच्या मागावर झाला. लोकर घरच्याच मेंढ्यांची. विणून झाल्यावर मला ओढ्याच्या धारेखाली लाकडी हौदात टाकलं. दिवसभर अशी गरगरले की अंगावरचे केस फुलून उभे राहिले! तेव्हापासून मी टोचते.

सात वर्षांची असताना झोइत्साही मला शाळेत घेऊन गेली होती. “लंगड्या व्लाखांची घोंगडी,” आमच्या लोकांचं चिडवायचं नाव घेऊन कुणीतरी हसलं. तिने माझे केस आत दडपून घडी घातली आणि म्हणाली, “बाजारातून आणलीय.” मग मी पेटीत गेले. मध्ये एकदाच बाहेर आले, मारुशाच्या बाप्तिस्म्याला. आमच्यात बाळाचं नाव आई नाही, बाप्तिस्म्याला बाळाला हातात धरणारी धर्ममाता ठेवते आणि आई चर्चबाहेर थांबते. पोरं धावत येऊन तिला नाव सांगतात.

आता झोइत्साने पुस्तकं जमवली होती.

“बाबा, एक म्हणतं आपण रोमन शिपायांची पोरं. दुसरं म्हणतं, इथलेच डोंगरातले, शिपायांची भाषा उचललेले. पोरीने सांगायचं काय?”

“दोन्ही सांग,” म्हातारा स्तेरयू चीज कापत म्हणाला. “शिपाई थंडीने कुडकुडत होता, डोंगरातलीने घोंगडी दिली. पुढचं मला विचारू नकोस, मी तुझा बाप आहे.”

“आणि नाव? ग्रीक लंगडे व्लाख म्हणतात, सर्ब त्सिंत्सार, अल्बेनियन नुसतंच धनगर.”

“म्हणू दे. चीज आपलंच नेतात.”

तरी झोइत्साने मारुशाकडून सहा वाक्यं पाठ करून घेतली. घडी मात्र सवयीने तशीच घातली, केस आत.

वर्गात मारुशा पहिलंच वाक्य विसरली. झोइत्सा दाराबाहेर उभी होती, बाप्तिस्म्याला होती तशीच.

“माझी आजी यांना त्सिंत्सार म्हणते,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “आणि माझे बाबा व्लाख,” मागून कुणीतरी म्हणालं.

“किती गं तुमची नावं?” बाईंनी हसून विचारलं. “खरं कोणतं?”

झोइत्साने चौकट घट्ट धरली. मला वाटलं, आता पुन्हा ‘बाजारातून आणलीय’ येणार आणि मागोमाग पेटी. पेटीचं मला भय नाही, पण अंधारात ऊब द्यायची कुणाला? मला अंगावर घ्या, एवढंच मागणं.

मारुशाने माझी घडी मोडली. केस वर करून मला टेबलावर पसरलं.

“बाकीची नावं लोकांनी ठेवली,” ती म्हणाली. “माझंही धर्ममातेने ठेवलं, आईला सगळ्यांत शेवटी कळलं. पण घरात आम्ही स्वतःला अर्मान म्हणतो.”

मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, “ये, हात लाव. आधी टोचते, मग ऊब लागते.”