व्याह्यांचा पांढरा वळू

तुर्सिन व्याह्यांकडे जायला निघाला तेव्हाच त्याचं पक्कं ठरलं होतं. मागायचा तो काळा वळू, आणि तोही एका उन्हाळ्यापुरता. सागिंदिकच्या कळपात वळू दोन होते. एक काळा, आखूड पायांचा, बिनशिंगी, दिसायला अगदीच ठोंब्या. दुसरा पांढरा, उंचापुरा, मानेला वळ्या पडलेला, जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस मारून आलेला. येणारा-जाणारा पांढऱ्याकडे बघून तोंडात बोट घालायचा. तुर्सिनचा जीव मात्र काळ्यावर. कारण काळ्याची वासरं लहान डोक्याची निपजतात, आईला न छळता बाहेर येतात आणि पुढे अशी अंग धरतात की खाटीक आपणहून दार वाजवतो. मांसासाठी गुरं पाळणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

शिवाय तुर्सिनच्या गोठ्यात त्या वर्षी पहिलटकरणी पाच होत्या. गावठी रक्ताच्या, माळावरचं खुरटं गवत खाऊन वाढलेल्या, कमरेने अरुंद. अशा कालवडीला थोराड वळू लावला की काय होतं ते त्याने शेजारच्या नुरपेइसकडे डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन कालवडी अडून मेल्या होत्या बिचाऱ्याच्या.

त्या पाचांत एक कुरेन. तपकिरी रंगाची, म्हणून नाव कुरेन. तिची आई बर्फाच्या वादळात गेली तेव्हा तुर्सिनच्या लेकीने, अकमारलने, तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. अकमारलचं सागिंदिकच्या मुलाशी लग्न झालं तेव्हा चारचौघांत बोलणं झालं होतं की कुरेन पहिल्यांदा व्याली की वासरासकट लेकीच्या घरी जाईल. सासरी चमच्यापासून सगळं सासरचंच असतं. हे एक जनावर तेवढं तिचं स्वतःचं म्हणायचं.

"मग गेल्या गेल्या काळाच मागून मोकळे व्हा," निघताना बातिमा, त्याची बायको, म्हणाली.

"दारात पाय ठेवल्या ठेवल्या मागू? भिकारी आहे का मी?"

"नका मागू. तोंड दिलंय ते तंबाखू ठेवायला, दुसरं काय!"

बायकांना काय जातं बोलायला! व्याह्यांकडे काही मागायचं तर त्याला एक रीत असते. आधी जेवण. मग चहा. मग यजमानाला ज्या गोष्टीचा अभिमान असेल तिची तोंड भरून स्तुती. आणि मग सहज आठवल्यासारखं करून आपल्या कामावर यायचं. तुर्सिनने आयुष्यभर हेच केलं होतं आणि कधी तोंडघशी पडला नव्हता.

सागिंदिक म्हणजे माणूस मोठा दिलदार. त्याने मेंढी कापली, तिचं उकडलेलं डोकं मानाने तुर्सिनसमोर ठेवलं, स्वतःच्या हाताने कान कापून दिला. जेवण उरकलं, समोवार, म्हणजे चहाचं तोटीवालं मोठं भांडं, आला आणि अकमारल डोक्यावरचा रुमाल सारखा करून चहा ओतायला बसली. वर्ष झालं होतं लग्नाला. पोर वाळली होती. नवरा खाणीवर कामाला, महिन्यातून पंधरा दिवस घरी नाही. सासऱ्यासमोर ती तोंड उघडत नव्हती. सुनेने उघडायचंच नसतं.

"काय व्याही," सागिंदिक म्हणाला, "कळप बघितलात ना आमचा? खरं सांगा, काय मनात भरलं?"

आता इथे सुरुवात स्तुतीनेच करायची. "तो पांढरा!" तुर्सिन म्हणाला. "काय जनावर आहे हो! चालतो तेव्हा जमीन दबते."

इतक्यात अकमारलने त्याच्यापुढे चहाचा वाडगा ठेवला. काठोकाठ भरलेला.

पाहुण्याचा वाडगा कोणी काठोकाठ भरत नाही. मान द्यायचा तर अर्धाच भरायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो, पुन्हा ओतता येतो, बैठक लांबते. भरलेला वाडगा समोर आला की समजायचं : प्या आणि उठा. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

विहीणबाई उल्मेकेन गप्प थोडीच बसणार! "अगं बाई! बापाला हाकलतेस की काय? हीच का माहेरची शिकवण?" म्हणाली हसतच, पण ती हसण्याची जात तुर्सिनला ओळखू आली. त्याचे कान तापले. लेकीची चूक झाकायला हवी म्हणून तो वाडगा उचलून घटाघटा प्यायला, जीभ पोळून घेतली आणि म्हणाला, "पोरीला ठाऊक आहे, बाप तहानलेला आलाय." आणि विषय पुरा बदलावा म्हणून पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात सुरू झाला, "छे छे, पण तो वळू! असा वळू ज्याच्या दारी तो खरा नशीबवान. मी तर त्याच्यावरून नजर काढू शकलो नाही, व्याही!"

सागिंदिकने मांडीवर थाप मारली. "झालं तर मग! व्याह्यांची नजर पडली, आता तो माझा नव्हे. तुमचा! उद्याच ट्रकमध्ये चढवतो."

 तुर्सिनने नको म्हणून बघितलं, हात जोडून बघितले, एवढ्या थोर जनावराची आपली लायकी नाही म्हणून बघितलं. तो जितका नको म्हणे तितका सागिंदिक खुलत जाई. तिसऱ्यांदा नको म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता. आणि असं घसघशीत दान पदरात पडल्यावर, 'हा राहू द्या, त्यापेक्षा तो काळा द्या' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? उल्मेकेनचा चेहरा उतरला होता. अकमारल खाली बघून समोवारची तोटी पुसत होती. ती आधीच कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी वळूच्या गळ्यात पांढरं फडकं बांधून त्याला ट्रकमध्ये चढवला. गडबडीत अकमारल जवळ आली.

"बाबा, मी वाडगा भरून दिला होता."

"मला वाटलं तुझा हात चुकला."

"माझा हात कधी चुकतो का हो? मामंजींसमोर काही वाखाणलं की ते देऊन टाकतात. मागे त्यांनी घोड्याचं खोगीर असंच दिलं. तुम्ही थांबावं म्हणून मी..." तेवढ्यात उल्मेकेनने आतून हाक मारली आणि ती गेली.

घरी बातिमा वळूभोवती एक फेरी मारून आली. "काळा आणायला गेला होतात ना? का उन्हाने पांढरा पडला?" तुर्सिन वळूच्या गळ्यातलं फडकं सोडायला लागला. मग तिलाच कळलं आणि ती वळूला पाणी आणायला गेली.

तरी त्याने हातपाय मारले. गावाचा कळप एकच, घरोघरी पाळी लावून चारायला न्यायचा. थोरल्या गाईंची त्याला चिंता नव्हती, त्या झेपवतील. त्यांच्याबरोबर त्याने वळू सोडला आणि पाची कालवडी अंगणातल्या कुंपणात कोंडून हाताने गवत कापून घालायला लागला. ऐन उन्हाळ्यात, माळ हिरवागार असताना! गाव हसलं. आणि गाव हसलं की बातमी कुठे राहते का? व्याह्यांच्या गावच्या बाजारापर्यंत ती पोचली : तुर्सिन व्याह्यांच्या वळूपासून आपल्या कालवडी लपवतो.

सागिंदिकचा फोन आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं. फोन आला अकमारलचा.

"बाबा, कालवडी सोडा."

तिच्या मागे भांडी वाजत होती. भांडी घासणारीचे कान फोनकडे असले की भांडी कशी हळू वाजतात, तशी.

"अगं, पण तुला माहीत आहे ना..."

"सासूबाई म्हणतात, आमचं जनावर रोगी आहे का? घरातलं पहिलं धन तुझ्या बापाला दिलं आणि तो त्यापासून कालवडी कोंडून ठेवतो. रोज म्हणतात, बाबा."

"कुरेनसुद्धा सोडू?"

मागची भांडी वाजायची थांबली. "सगळ्या सोडा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने कुंपणाची आडवी बल्ली काढली. चार कालवडी उड्या मारत माळाकडे पळाल्या. कुरेन तेवढी त्याच्या हाताला हुंगत उभी राहिली. तिला मागून ढकलावी लागली.

हिवाळाभर तो तिच्या पोटाकडे बघत होता. वासरू फार वाढू नये म्हणून त्याने तिचा कोंडा तोडला. बातिमा त्याची पाठ वळली की ओंजळ-ओंजळ घालायची. त्याला ते दिसायचं. पण तिला काय बोलणार? उपाशी गाभणीकडे बघवत त्यालाही नव्हतं.

मार्चमध्ये, बर्फ अजून सावलीला धरून होतं, तेव्हा भर दुपारी कुरेन बसली. दोन खूर दिसले. पांढरे, रुंद.  ते बघितले आणि तुर्सिनला पुढचं सगळं तिथेच कळलं.

नुरपेइस धावत आला. गुरांच्या डॉक्टरला फोन लावला तर तो नदीपलीकडे होता, नदीवरचं बर्फ फुटायला लागलेलं, पूल लांब. संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाला. संध्याकाळ! दोघांनी खुरांना दोर बांधला, हात कोपरापर्यंत तेल लावून आत घातला, कळ आली की ओढलं, कळ गेली की थांबले. नुरपेइस बर्फात पाय रोवून ओढत होता आणि शिव्या घालत होता, कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. डोकं अडलं होतं. कुरेन आधी हंबरत होती, नंतर नुसती धापा टाकत होती आणि प्रत्येक वेळी मान वळवून तुर्सिनकडे बघत होती. बाटलीवर वाढलेलं जनावर, त्याला माणसाकडून आशा असते. त्या नजरेपुढे तुर्सिनला वाटलं, कुठेतरी निघून जावं.

वासरू आलं तेव्हा जीभ काळी पडली होती. सुंदर होतं. पांढरंशुभ्र, लांबलचक, प्रदर्शनात ठेवण्यासारखं. कुरेन त्याला चाटत राहिली. उठायला गेली तर मागचं अंग हललंच नाही. पुन्हा गेली. पुन्हा पडली.

"सुरी आण," नुरपेइस हळूच म्हणाला. "असं ठेवण्यात काय अर्थ आहे, तुर्सिन? जीव आपसूक गेला तर मांसही खाण्याजोगं राहायचं नाही."

तुर्सिनने देवाचं नाव घेतलं आणि ते काम स्वतःच्या हाताने केलं. दुसऱ्या कुणाला करू द्यायला त्याचं मन धजेना. बातिमाने त्यातला एक तुकडा घरात ठेवला नाही, सगळं गावात वाटून टाकलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक कालवड तशीच गेली. उरलेल्या तिघी कशाबशा सुटल्या.

थोरल्या गाईंना मात्र काही झालं नाही. त्यांची पांढरी वासरं अंगणात हुंदडायला लागली आणि सागिंदिकने फोनवर ती बघितली. "बघा, बघा माझा वाघ!" तो लहान मुलासारखा ओरडला. मग फोन अकमारलच्या हातात गेला.

"बाबा, कुरेन कशी आहे?"

बातिमा शेजारून मान हलवत होती. विहिणीच्या देखत पोरीला रडवू नका. "बरी आहे," तुर्सिन म्हणाला.

मे महिन्यात व्याही, विहीण आणि अकमारल वासरं बघायला आले. महिनाभर तुर्सिन एक वाक्य घोकत होता : व्याही, तुमचा वळू लाखात एक, पण माझ्या गाई लहान, हा तुमच्याकडे परत न्या आणि तो काळा द्या. अपमान होईल तर होवो. यंदाच्या तीन नव्या कालवडी त्याने गोठ्यात बांधून ठेवल्या होत्या.

गाडीतून उतरताच अकमारल गोठ्याकडे गेली. मोठी माणसं घरात येऊन बसली तरी ती आली नाही. आली तेव्हा हात-तोंड धुऊन आली होती. काही न विचारता आईला म्हणाली, "ऊठ, मी ओतते," आणि समोवारजवळ बसली.

जेवण झालं, चहा आला. सागिंदिक खुशीत होता. "काय व्याही, वळू मनाजोगता निघाला ना? काही उणं असलं तर मोकळेपणी बोला. मी काय परका आहे? दुसरा देईन!"

घ्या! माणसाने स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं होतं. आणि तो मनापासून बोलत होता. तुर्सिनने घसा खाकरला. "व्याही, खरं सांगायचं तर..."

उल्मेकेनचा वाडगा ओठांपाशी थांबला. ती तुर्सिनकडे बघतच नव्हती. तिचे डोळे सुनेवर होते.

अकमारलने बापाचा वाडगा घेतला, तोटीखाली धरला. अर्धा झाला. ती थांबली नाही. काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे आणून ठेवला. तिचे डोळे लाल होते, हात जरासुद्धा हलत नव्हता.

या वेळी त्याला कळलं.

"खरं सांगायचं तर," तुर्सिन म्हणाला, "असं जनावर मी जन्मात बघितलं नाही. त्यात कसलं आलंय उणं?"

"बघ!" सागिंदिक बायकोकडे वळून म्हणाला. "मी काय सांगत होतो?" उल्मेकेनने चहाचा घोट घेतला. सागिंदिकने खिडकीतून गोठ्याकडे बघितलं. "मग त्या कालवडी का बांधल्यात, व्याही?"

"सोडतो की. एवढा चहा झाला की सोडतो."

वाडगा इतका भरला होता की उचलता येत नव्हता. तुर्सिनने खाली वाकून काठालाच तोंड लावलं.