छत्रीची तार

गफ्फारभाईच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता, आणि गावाला त्याचं मोठं कौतुक. दुसरबीडच्या अलीकडल्या एका गावात, टपाल कचेरीत तो फोन जोडून द्यायचा. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, पण बाहेरगावची लाइन अजून एकच. ज्याला बोलायचं त्याने चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा आणि बाकावर बसायचं. चिठ्ठ्या खोचायला गफ्फारभाईने मोडक्या छत्रीची तार टेबलात ठोकली होती, हातभर लांब. पन्नास चिठ्ठ्या सहज मावत.

पोस्टमास्तर नारायणराव म्हणायचे, "आठच घे. नवव्याला परत पाठव."

"परत काऊन पाठवू, साहेब? बिचारा मानूस आशेनं येते."

"तासाला पाच फोन लागतात. पन्नासावा कधी बोलणार? त्यापेक्षा नाही म्हण. तो दुसरी काही सोय पाहील."

गफ्फारभाई मान हलवायचा आणि येईल ती चिठ्ठी घ्यायचा. नाही म्हणायचं म्हणजे वाद, आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर वादाचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. चिठ्ठी घेतली की माणूस गप बसतो. चांगुलपणात आळस किती मिसळलाय, हे कोण चाळून बघतो?

कापसाच्या हंगामात एका सोमवारी अकरा वाजता कौशल्याबाई आली. बाजारात भाजी विकणारी, अबोल बाई. तिचा भाऊ इंद्रभान जालन्याच्या दवाखान्यात होता. तो सारखं बहिणीचं नाव घेतोय, असा निरोप सकाळीच आला होता. हातात पिशवी होती, म्हणजे निघायच्या तयारीनेच आली होती.

"भाऊ, दवाखान्यात फोन लवकर लागंल का? नाही तं साडेअकराची यष्टी धरते."

तारेवर सव्वीस चिठ्ठ्या होत्या, निम्म्या व्यापाऱ्यांच्या, दुप्पट दराच्या, म्हणून आधी लावायच्या. पाच तास तरी जाणार, हे गफ्फारभाईला कळत होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याला ते सांगवेना.

"लागंल, बाई. बसा."

ती बसली. एसटी आली, भोंगा वाजला, खिडकीतून धुरळा आत आला आणि एसटी गेली. बाईने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गफ्फारभाईकडे. त्याने हातानेच 'होईल, होईल' केलं. दुपारभर व्यापारी रुईचे भाव ओरडत राहिले. मध्ये लाइनही दोनदा गेली. साडेचारला जालना लागलं. बाईने रिसीव्हर उलटा धरला, तो त्यानेच सरळ करून दिला. पलीकडून कोणीतरी सांगितलं, इंद्रभान तीन वाजता गेला.

साडेअकराची एसटी दोनला जालन्यात पोचते. गफ्फारभाईला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या.

ती पिशवी उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गफ्फारभाईने पक्कड मागून आणली आणि आठ चिठ्ठ्या मावतील एवढी ठेवून तार कापली.

मग शिव्या सुरू झाल्या. उकंडराव दलाल नववा आला म्हणून त्याने परत पाठवला, आणि नेमकी त्याच दिवशी लाइन अशी चालली की बारा वाजता तार रिकामी. उकंडराव दारात येऊन म्हणाला, "रिकामा तं बसला बे! मग मले काऊन हाकललं?" लांब तारेचं पाप वेगळं, आखूड तारेचं वेगळं. बिनपापाची तार कुठल्या छत्रीत मिळते?

महिन्याभराने कौशल्याबाई पुन्हा आली. जालन्याला भावजयीशी बोलायचं होतं. तार भरलेली होती. गफ्फारभाई इतका थकला होता की 'बसा' म्हणून मोकळं व्हावं, असं त्याला फार वाटलं.

"नाही लागनार, बाई," तो म्हणाला. "आठ झाले. साडेअकराची यष्टी भेटंल तुमाले."

ती कापलेल्या तारेकडे बघत राहिली.

"तो जानारच व्हता, भाऊ. त्याचा दोष तुमाले नाही देत," ती म्हणाली. "पन मी त्याच्यापाशी बसले असते. इथं बाकावर बसले."

आणि ती घाईने बाहेर पडली. भोंगा वाजला तसा गफ्फारभाई चालू फोन तसाच सोडून दारात गेला. ती गाडीत चढली की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं.