समितीसाठी थांबवलेलं पेशीद्रव्य

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, चिखलोलीजवळच्या एका महाविद्यालयात, मूल्यांकन समितीच्या तीन सदस्यांनी सूक्ष्मदर्शकातून हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानातली एक मेलेली पेशी पाहिली आणि समाधान व्यक्त केलं.

पेशी मेलेली आहे हे त्या वेळी खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक मैत्रेयी ओव्हाळ, तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवणारी. दुसरे सुदाम, प्रयोगशाळेतले परिचर. नोकरी बावीस वर्षं, निवृत्ती येत्या जूनमध्ये.

मैत्रेयीच्या पीएचडीचा विषय कोणालाही समजेल असा होता. पेशीतलं पेशीद्रव्य एका जागी बसत नाही. हिरवे कण बरोबर घेऊन ते भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतं आणि पेशीत ज्याला जे लागेल ते पोचवतं. कारखान्यांच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या नाल्याच्या पाण्यात हे फिरणं किती मंदावतं, आणि नव्वद दिवसांत पूर्ण थांबतं का, हे ती मोजत होती. त्यासाठी नाल्याच्या पाण्याच्या चोवीस बरण्या होत्या, प्रत्येकीत हायड्रिलाची झाडं. सोमवारी त्र्याऐंशी दिवस पूर्ण झाले. वेग कमी झाला होता, पण एकाही बरणीत शून्यावर आला नव्हता. प्रबंधासाठीची तिसरी आणि शेवटची मुदतवाढ पुढच्या बुधवारी संपत होती.

सोमवारी दुपारी प्राचार्य हरिचंद्र केणे यांचं परिपत्रक निघालं: समितीच्या भेटीदरम्यान कोणत्याही भांड्यात गढूळ पाणी आढळू नये. सुदाम ते घेऊन प्राचार्यांकडे गेले आणि बरण्यांमधलं पाणी मॅडमच्या प्रयोगाचं आहे, असं त्यांनी सांगितलं. प्रयोग झाडाच्या आत चाललाय, पाण्याचा काय संबंध, असं प्राचार्यांनी विचारलं. मैत्रेयी तेव्हा सभागृहात स्वागतगीताच्या तालमीला होती. विज्ञान शाखेतून दोन आवाज कमी पडत होते.

संध्याकाळी सुदामनी बरण्या घासल्या, नळाचं पाणी भरलं, झाडं परत ठेवली. समिती इथलं पाणी पिणार म्हणून गच्चीवरच्या टाकीत त्याच दिवशी दुप्पट ब्लिचिंग पावडर टाकली होती.

सकाळी बरण्या चकचकीत होत्या. झाडंही पहिल्यापेक्षा हिरवी दिसत होती, निदान दारातून. मैत्रेयीने पाच पानं तपासली. एकाही पेशीत काही हलत नव्हतं. सहावं पान लावेपर्यंत समिती दारात आली.

अध्यक्ष वाणिज्य शाखेचे होते. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि अगदी स्पष्ट दिसतंय, असा अभिप्राय दिला. दुसऱ्या सदस्यांनी भिंगातून मोबाइलवर फोटो घेतला. तिसऱ्या सदस्या वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी पाहिलं, स्क्रू फिरवला, पुन्हा पाहिलं.

"हे थांबलंय का?" त्यांनी मैत्रेयीला विचारलं.

उत्तर प्राचार्यांनी दिलं. "हो मॅडम. आपल्याला नीट बघता यावं म्हणून थांबवलंय."

मैत्रेयीने तोंड उघडलं, पण तोवर समितीला ग्रंथालयाकडे नेण्यात आलं होतं.

बुधवारी समितीचा प्राथमिक अहवाल आला. पेशीद्रव्याचा प्रवाह थांबवण्यात महाविद्यालयाच्या संशोधन केंद्राला आलेलं यश उल्लेखनीय आहे, असं त्यात एक वाक्य होतं. दुपारपर्यंत त्या वाक्याचं प्रसिद्धिपत्रक झालं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या तीन साप्ताहिकांनी ते घेतलं. एकाने मथळ्यात कर्करोगही घातला.

मैत्रेयीने मार्गदर्शकांना फोन केला. झाडं कशामुळे मेली हे संशोधन केंद्राचे प्रमुख म्हणून प्राचार्यांनी लेखी दिलं, तर विद्यापीठ खास बाब म्हणून आणखी नव्वद दिवस देईल, असं त्यांनी सांगितलं. दोन ओळींचं पत्र पुरेसं होतं. ते टाइप करून ती प्राचार्यांकडे गेली. त्यांनी पत्र वाचलं आणि अहवाल पुढे सरकवला.

"मॅडम, सात दिवसांचे रकाने राहिलेत ना? शून्य लिहा. खोटं कुठे आहे? थांबलंय ते थांबलंय."

"नाल्याच्या पाण्याने नाही थांबलं, सर."

"पाण्यानेच थांबलं ना? मग कुठल्या, ते कोण विचारतंय?"

सही झाली नाही. शून्यं लिहिली तर प्रबंध वेळेत जातो आणि पुढच्या वर्षीच्या तासिकाही राहतात, हे प्राचार्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती.

ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा सुदाम टेबलापाशी उभे होते. टेबलावर सतरा नंबरची बरणी होती. आत तेच गढूळ पाणी. सोमवारी संध्याकाळी ती त्यांनी क्रीडा विभागाच्या काचेच्या कपाटात, कबड्डीच्या ढालींमध्ये ठेवली होती. तिच्या जागी त्यांनी साध्या पाण्याची दुसरी बरणी ठेवली होती, आणि चोवीस बरण्या मोजून प्राचार्यांना दाखवल्या होत्या.

"सुदामकाका, हे कळलं तर तुमचं काय होईल?"

"परिपत्रक मोडलं म्हणून मेमो देतील. मी लिहून देतो, पाणी मी बदललं नि कुणी सांगितलं ते पण. तुम्ही आधी बघा, जितं हाय का."

त्यांनी खरोखरच लिहून दिलं, एका पानावर, तारखेसह. एक बरणी म्हणजे प्रयोग नव्हे, पण कागदाबरोबर ती जिवंत असेल तर विद्यापीठाला नाही म्हणणं जड जाईल, असं मार्गदर्शक म्हणाले.

गुरुवारी दुपारी दोन्ही कागद, बिनसहीचं पत्र आणि सुदामनी लिहिलेलं पान, कार्यालयात दाखल झाले. प्राचार्यांनी पाहिल्याशिवाय आवक क्रमांक देता येत नाही, असं लिपिकाने सांगितलं. प्राचार्य उल्हासनगरला फ्लेक्स छापायला गेले होते. कागद टेबलावर, तिन्ही साप्ताहिकांखाली ठेवण्यात आले.

गुरुवारी संध्याकाळी पाच चाळीसला, कपाटातून आलेल्या झाडाला दिवसभर उजेड देऊन झाल्यावर, मैत्रेयीने सतरा नंबरमधलं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली लावलं. सलग बारा मिनिटं काही हललं नाही. तेराव्या मिनिटाला मधल्या शिरेजवळच्या एका पेशीत एक हिरवा कण भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत सरकला आणि तिथे थांबला. तिने स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं. सुदामनी दिवा जवळ ओढला. वहीतले सातही रकाने तोपर्यंत कोरे होते.