तू हायेस, मी न्हाई

माझ्या धाकट्या लेकीचं, माधुरीचं लग्न झालं ते १९९८ साल. हळदीला गाणं सुरू करायचं म्हणून बायकांनी सवयीनं आक्काकडं पाहिलं आणि मग लगेच नजर वळवली. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भागिरथी. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचवायला डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलायची. सहा वर्षांपूर्वी रुपालीताईंनी राहात्याला आमच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग चालवला, तेव्हाची ती पाटी. आम्ही दोघी त्या वर्गात एकाच पोत्यावर बसायचो.

लग्नाला आक्काचा मुलगा भीमराज पुण्याहून आला. नऊ वर्षांपूर्वी आमच्या भीमजयंतीच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली होती. गाणारी आक्का, मी कोरसमध्ये. घरातली कॅसेट कधीच टेपमध्ये गुंतून तुटली होती. भीमराजनं रेकॉर्डिंगवाल्याकडची मूळ टेप शोधली, तिची सीडी करून घेतली आणि ऐकायला हेडफोनचा छोटा सीडी प्लेअर आणला. आक्काचं दुखणं छातीत उतरलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तिला एकदा आपला आवाज ऐकायचा होता. दुसरं काही मागत नव्हती.

पाहुणे गेल्यावर तिनं हेडफोन लावला. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, आवाज ऐकून आलं. तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, "पेटी हाय. ढोलकी हाय. छबी, तू हायेस. मी न्हाई."

मी ऐकलं. खरंच तसं होतं. माझा आवाज स्वच्छ, आणि आक्काच्या जागी लांबच्या विहिरीत कुणी बोलावं तसं काहीतरी. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

"पुन्यात सगळं ऐकू येत हुतं, काकी," भीमराज म्हणाला. त्यानं सेल बदलले, सीडी पुसली, शेजारचा हेडफोन आणून लावला. तेच. सोमवारी त्याला कामावर जावं लागलं. आक्कानं पाटीवर लिहिलं, "डाक्टरनं गळ्यातला आवाज काढला. ह्यातला बी काढला."

मी तिला बाजारपेठेत आसारामकडं नेलं. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं हेडफोन लावून पुरतं एक गाणं ऐकलं, मग विचारलं, "आक्का, गाताना तुमी मधी उभ्या हुत्या का?"

पाटीवर उत्तर आलं, "मंग काय छबी हुती?"

"आन् काकी कडंला?"

"ढोलकीशेजारी," मी म्हणाले. "मधी कोन उभं राहू देतंय आमाला!"

आसारामनं हेडफोन काढला. प्लेअरला बाजूला दुसरं एक भोक होतं, त्यातून वायर काढून दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडली. आणि भर बाजारात आक्का गायला लागली. दोनच शब्द. तिनं झटकन हात वर करून थांबवलं. "हितं नको. कानात," तिनं लिहिलं.

"सापडलं," आसाराम म्हणाला. "तबकडीवर नुसते आकडे असत्यात, आतली चिप त्यांचा आवाज करती. ते दोन्ही चांगलं हाय. खोट हेडफोनच्या भोकात हाय. डाव्या कानाची एक तार, उजव्याची एक, आन् दोघांची मिळून परतीची एक. ती परतीची तुटली. मग जे दोन्ही कानांत सारखं असतं, ते एकमेकाला खाऊन टाकतं. मधी उभं ऱ्हायलेलं जातं, कडंचं ऱ्हातं."

त्यानं प्लेअर उघडला, भिंग लावलं, कथलाचा एवढासा थेंब टाकून तुटलेली तार जोडली. आक्काच्या कानांवर हेडफोन त्यानंच बसवला.

ती डोळे मिटून ऐकत राहिली. एक गाणं, दुसरं, तिसरं. तिचे ओठ हलत होते. शेवटी डोळे उघडून तिनं पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "छबी, तू लई बेसूर हायेस."

आसाराम खुर्चीतच वाकून हसला. मी हसता हसता रडले.

त्यानंतर रोज दुपारी ती ऐकायची. आसारामचे उपकार मी विसरत नाही. सीडीच खराब आहे, असं सांगून त्याला आम्हाला वाटेला लावता आलं असतं. रुपालीताईंचे तर त्याहून जास्त. त्या दिवशी आक्काला लिहिता आलं नसतं, तर तिच्या डोळ्यांतलं पाणी आनंदाचं समजून आम्ही आपापल्या कामाला लागलो असतो. तिला काय ऐकू येत नाही, हे आम्हाला कधी कळलंच नसतं.

आक्का, म्हणजे भागिरथी, १७ फेब्रुवारी १९९९ रोजी, बुधवारी सकाळी, राहात्याच्या घरी वारली.